चष्म्यासाठी थांबलेली बस

हवालदारांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. ठाण्यात सगळे त्यांना डोळेकाका म्हणायचे. एकदा पाहिलेला चेहरा हा माणूस जन्मात विसरत नाही, अशी त्यांची ख्याती. ती बरीचशी खरी होती; उरलेली काकांनी स्वतः चहा पिता पिता वाढवली होती. भर बाजारात पाठमोऱ्या खिसेकापूला नुसत्या कानावरून ओळखल्याची गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती, की ऐकणाऱ्यांनाही ती तोंडपाठ झाली होती.

म्हणून चेहरे जुळवणारं यंत्र आलं, तेव्हा त्याच्यासमोरची खुर्ची काकांना मिळाली. कॅमेऱ्यातलं चित्र दिलं की यंत्र लाखभर वाहन परवान्यांवरचे फोटो धुंडाळून त्यातला एक पुढे करायचं आणि खाली शंभरपैकी गुण द्यायचं. पण नुसतं यंत्र म्हणतंय म्हणून कुणाला धरायचं नाही, माणसाची सही हवी, असा नियम होता. काकांनी आधी कॅमेऱ्यातला माणूस पाहायचा, त्याचं वर्णन आपल्या शब्दांत लिहायचं आणि मगच बटण दाबून यंत्राचा फोटो उघडायचा. फोटोतल्या माणसाचं नाव-गाव मुद्दाम झाकलेलं असायचं. नियम करणाऱ्यानं डोकं लावून केला होता, यात शंका नाही.

पहिला महिना काकांनी हे इमानेइतबारे केलं. मग कामाचा ढीग वाढला, शिवाय यंत्र बहुतेक वेळा बरोबरच निघत होतं. काका आधी फोटो उघडायला लागले आणि फोटो बघून वर्णन लिहायला लागले. उत्तर पाहून गणित मांडावं, तसं. कुणी विचारलं नाही, कुणाला कळलं नाही. निवृत्तीला सहा महिने राहिलेल्या माणसाला मऊ खुर्ची मिळाली की आळस काही दार वाजवून येत नाही.

एका मंगळवारी सकाळी पावणेआठला औषधांच्या एका दुकानात कुणीतरी शिरलं, दुकानदारबाईंना ढकलून दिलं आणि दोन खोकी उचलून पळालं. बाईंचा हात मोडला. चोराच्या तोंडावर फडकं होतं. दिसत होतं ते कपाळ, डोळे आणि भुवया. दोन दिवसांनी चित्र काकांपुढे आलं. त्यांनी सवयीनं आधी बटण दाबलं. यंत्रानं चाळिशीतल्या एका माणसाचा फोटो दिला. गुण एक्क्याण्णव.

काका फोटोकडे पाहत राहिले. हा चेहरा त्यांनी पाहिला होता. कुठे ते आठवेना, पण एकदा नाही, कितीतरी वेळा पाहिला होता. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना जे चेहरे ओळखीचे वाटले, ते बहुतेक कोठडीत बसून गेलेले. "जुनाच गडी दिसतोय," ते पुटपुटले. कॅमेऱ्यातल्या चित्रावरून ओझरती नजर फिरवून त्यांनी 'ओळख पटली' असं लिहिलं आणि खाली लफ्फेदार सही ठोकली.

त्यानंतर आठवडाभरानं, रोजच्या पावणेआठच्या बसमध्ये चढताना काका दांड्यावर आपटले. "नवशिका बसवलाय का रे?" त्यांनी कंडक्टरला विचारलं. "ब्रेक कसा मारतोय बघ."

"तुम्हाला आज कळलं होय?" कंडक्टर म्हणाला. "आमच्या ड्रायव्हरला तुमच्याच लोकांनी आत टाकलंय, काका. आठवडा होत आला."

"काय केलं त्यानं?"

"काही नाही केलं. म्हणे त्या मंगळवारी पावणेआठला औषधांचं दुकान लुटलं. पावणेआठला तो याच स्टॉपवर होता की."

"मग तसं वहीत असेलच."

कंडक्टरनं आवाज खाली आणला. "वहीत त्याची सुट्टी आहे. दुसऱ्या ड्रायव्हरचं पोर तापानं फणफणलं होतं, म्हणून त्याच्या जागी हा आला. आम्ही आपापसात करतो असं, लिहीत नाही. आता तो दुसरा म्हणतोय, गाडी मीच चालवली. त्याला नोकरीची भीती. मलाही आहे, खोटं कशाला बोलू." मग काकांच्या चष्म्याकडे पाहून तो म्हणाला, "तुम्ही होतात की गाडीत. काकू चष्मा घेऊन धावत आल्या, तेव्हा तोच थांबला नव्हता का?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या मंगळवारी यंत्रापुढच्या खुर्चीसाठी ठरावीक मुदतीनं होणारी त्यांची डोळे तपासणी होती आणि नेमका चष्माच घरी राहिला होता. बस सुटली होती. ड्रायव्हरनं आरशात काकूंना धावताना पाहिलं, बस थांबवली, खिडकीतून हात काढून चष्मा घेतला आणि मागे वळून काकांच्या हातात ठेवला. "घ्या काका, याच्याशिवाय चोर कसे पकडाल?" असंही म्हणाला होता. सगळी बस हसली होती. काकाही हसले होते, चष्म्याकडे बघत.

कचेरीत खुर्चीसमोरच्या भिंतीवर त्या तपासणीचं प्रमाणपत्र लटकत होतं. दृष्टी उत्तम. खाली त्याच मंगळवारची तारीख.

सरळ उठून ठाण्याच्या प्रमुख मॅडमच्या खोलीत जायचं, एवढंच करायचं होतं. काका गेले नाहीत. आज मॅडम कामात आहेत, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी वाटलं, वकील सोडवेलच की. खरं कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं. डोळेकाका चुकले, हे ठाण्यात सगळ्यांना कळेल, याची त्यांना भीती होती. एका माणसाची कोठडी आणि आपली चार लोकांतली वाहवा त्यांनी तराजूत घातली होती आणि तीन दिवस पारडं वाहवेच्या बाजूनं झुकवून धरलं होतं. या तीन दिवसांची लाज त्यांना पुढे सहीपेक्षाही जास्त वाटणार होती.

तिसऱ्या दिवशी डबा भरता भरता काकू म्हणाल्या, "अहो, तो ड्रायव्हर दिसत नाही हल्ली. खिडकीतून हात करायचा मला. आजारी तर नाही ना? विचारा बरं."

"विचारतो," काका म्हणाले. त्यांना काकूंकडे बघवेना.

ठाण्याच्या मॅडम काकांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. काकांनी प्रमाणपत्र खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं: बस, चष्मा, आधी दाबलेलं बटण, तीन दिवस.

मॅडमनी प्रमाणपत्रावरची तारीख वाचली. मग म्हणाल्या, "काका, एक्क्याण्णव गुणांवर मी त्याला उचललं नसतं. तुमची सही होती म्हणून उचललं. म्हटलं, काकांनी पाहिलंय, म्हणजे पाहिलंय."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

काकांचा आणि काकूंचा जबाब झाला, मग कंडक्टरलाही वाचा फुटली. ड्रायव्हर सुटला, पण तोवर त्याला आत चौदा दिवस झाले होते. चोराची मुलगी म्हणतात म्हणून त्याची पोर शाळेत जायची बंद झाली होती.

तो कामावर आला त्या सकाळी त्यानं काकांसाठी दार उघडलं आणि उठून हात जोडले. "काका, तुम्ही साक्ष दिलीत म्हणून सुटलो. नाहीतर कोण येतं हो कुणासाठी?"

बसमधल्या लोकांनी वळून कौतुकानं पाहिलं. काका मान खाली घालून बसले. गप्प राहिलं असतं तर कुणाला काही कळणार नव्हतं. गप्प राहायची त्यांना आता बरीच सवयही झाली होती. पण आपल्या स्टॉपवर ते उतरले नाहीत. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली, तेव्हा ते पुढे गेले.

"तुला ओळखणारी सही माझीच होती," ते म्हणाले.

ड्रायव्हरला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो रागावला नाही. नुसता गोंधळल्यासारखा बघत राहिला.

"पण काका, तुम्ही तर मला रोज बघता."

नऊ वर्षं काका त्या दारातून चढत होते.

"उतरा," ड्रायव्हर म्हणाला. "उशीर होईल तुम्हाला."

खाली उतरून काकांनी वळून पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. ड्रायव्हरच्या उजव्या भुवईत जुना व्रण होता, तेवढी जागा केसांवाचून कोरी होती. कॅमेऱ्यातल्या चोराच्या भुवया सलग होत्या. ते चित्र काकांनी जेमतेम क्षणभर पाहिलं होतं, पण त्यांना ते स्पष्ट आठवत होतं. एकदा पाहिलेला चेहरा ते खरंच विसरत नसत.