नावापुरतं वर्ष

माझ्या नवऱ्याला, पुरुषोत्तमला, आयुष्यात एकाच गोष्टीची धास्ती: वर्ष वाया जाण्याची.

२०२०च्या सप्टेंबरात आमच्या इशिताचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. "आय'म टेकिंग द इयर ऑफ," ती म्हणाली. हा हटून बसला. "घरी बस, परीक्षा देऊ नकोस, पण कॉलेजात नाव राहू दे. सीव्हीत गॅप दिसता कामा नये." तिनं खांदे उडवले. यानं फी भरून टाकली आणि शांत झोपला.

पुढच्या सप्टेंबरात, शेवटच्या वर्षासाठी, इशितानं कॉलेज बदललं. कारण एकच. आमच्या गावात, आयर्लंडमधल्या नावनमध्ये, लहानपणापासून तिच्याबरोबर कॅमोगी खेळलेल्या चौघी त्या कॉलेजच्या टीममध्ये होत्या. कॅमोगी म्हणजे बायकांचं हर्लिंग, हॉकीसारखा इथला खेळ. काठी, चेंडू आणि जिवावर उदार होऊन धावणं. चौघींचंही ते शेवटचं वर्ष. पाचही जणींना एकदा तरी कॉलेजकडून एकत्र खेळायचं होतं. वर्षभर पोरगी दात-ओठ खात गुडघ्याचे व्यायाम करत होती ती याचसाठी.

ऑक्टोबरात टीमच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. गेल्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात नाव असलेल्या मुलीला एक सीझन बाहेर बसावं लागतं. कुठंच नाव नसतं तर लगेच खेळता आलं असतं.

"बट आय वॉज अ‍ॅट होम! मी एक लेक्चरसुद्धा केलं नाही!" इशिता ओरडली. पलीकडून बाई हळहळल्या. नियम काही हलला नाही.

पुरुषोत्तमनं ईमेल केले, फोन केले, अक्षरशः हातापाया पडला. मला त्याचा इतका राग आला होता की मी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. मग एकदा जेवताना तो खाली मान घालून म्हणाला, "इशू, परीक्षा पुढं ढकल. पुढच्या वर्षी खेळ. एक वर्ष वाया गेलं तर गेलं."

त्याच्या तोंडून हे ऐकून माझा राग कुठल्या कुठं गेला. नुसती कीव आली.

"दे'ल ऑल बी गॉन बाय देन, डॅड," इशिता म्हणाली. तिच्या आवाजात रागही नव्हता.

शनिवारी मॅचला आम्ही तिघंही गेलो. सुरुवातीला मुली खांद्यात हात घालून गोल उभ्या राहिल्या. एकीनं इशितालाही हाक मारली. तिनं नुसता हात हलवला आणि आमच्याजवळ, तारेच्या कुंपणापाशीच उभी राहिली.