कॅसेट उलटतानाचे चाळीस सेकंद

दादाचा कॅसेट डेक दुरुस्त करायला घड्याळजीला वीस मिनिटं पुरली असती. सोळा दिवस झाले होते आणि डेक दुकानातल्या मागच्या फळीवर, फडक्याखाली, तसाच पडून होता. आतला रबरी पट्टा सैल झाला होता, एवढंच. तसले तीन नवे पट्टे समोरच्या खणात होते. तरी दादाचा फोन आला की घड्याळजी म्हणायचा, "मिळत नाहीये रे पट्टा. जुनं मॉडेल ना, मागवलाय." फोन ठेवला की डोळ्याला भिंग लावून चालू असलेल्या घड्याळातच उगीच काहीतरी शोधत बसायचा.

जन्मभर लोकांच्या वेळा लावून देणाऱ्या माणसाला असा वेळ काढणं शोभत नाही, हे त्यालाही कळत होतं. पण तो डेक चालू झाला की एक्केचाळीस वर्षांपूर्वीची एक थाप उघडी पडणार होती. तीही दादासमोर.

दोघा भावांना वेड एकच. एक ब्रिटिश रॉक बँड. नाव सांगायला नको, ज्याच्या घरी कधीकाळी रेडिओ होता त्याला ते ठाऊक आहे. बँडच्या छापील रेकॉर्डी सगळ्यांकडेच होत्या आणि दादाला त्यात रस नव्हता. तो म्हणायचा, "रेकॉर्ड म्हणजे स्टुडिओत काढलेला फोटो. केस विंचरलेले, हसू चिकटवलेलं." त्याला हवे असायचे प्रत्यक्ष कार्यक्रम, तेही कुणा प्रेक्षकानं कोटात मशीन लपवून चोरून टिपलेले. त्यात गायकाचा बसलेला घसा असतो, चुकलेला सूर असतो, शेजारच्याचा खोकला असतो. अशा कॅसेटी दुकानात मिळत नाहीत. संग्राहक एकमेकांना प्रती काढून पाठवतात आणि त्यांचा एकच धर्म, विकायचं नाही. तू तुझी रात्र पाठव, मी माझी पाठवतो. दादाकडे अशा सहाशेच्या वर रात्री होत्या, तारखेनिशी, एका कपाटात. वहिनी पाहुण्यांना ते कपाट दाखवून म्हणायच्या, "ही माझी सवत. हिला रोज पुसावं लागतं."

त्या सहाशेत एक कॅसेट घरची होती.

बँड त्यांच्या शहरात एकदाच आला होता. दादा तेव्हा बावीसचा, कॉलेजात. धाकटा, म्हणजे आजचा घड्याळजी, एकोणीसचा. वडील गेल्यापासून, म्हणजे पंधराव्या वर्षापासून, तो दुसऱ्याच्या घड्याळाच्या दुकानात नोकरीला उभा राहायचा. दादाच्या कोटात मशीन, बाहीत माइक, आणि धाकट्याला सक्त ताकीद : टाळी वाजवायची नाही, बोलायचं नाही, वा म्हणायचं नाही. काम एकच. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. त्रेचाळिसाव्या मिनिटाला दादाचा गुडघा दाबायचा, म्हणजे दादा दोन गाण्यांच्या मधल्या टाळ्यांत कॅसेट उलटून घेईल. घड्याळाच्या दुकानातला भाऊ असताना घड्याळ बघायला दुसरा कोण हवा?

आणि तिथंच माशी शिंकली. पाचवं गाणं संथ होतं. दिवे निळे झाले, कुणीतरी गरम पाण्यात पाय सोडून बसवावं तसा आवाज अंगावर चढत गेला, आणि घड्याळाचे हिरवे आकडे पाण्यातल्यासारखे हलायला लागले. धाकट्यानं डोळे मिटले ते नीट ऐकायला म्हणून. पुढं त्याला कळलंच नाही. कुठल्याशा मोठ्या, रिकाम्या, उन्हानं भरलेल्या खोलीत तो उभा होता आणि खिडकीबाहेर कुणीतरी गिटार वाजवत होतं. इतकं सोपं, इतकं गोड, की वाजवणारा कोण हे बघायलाही जावंसं वाटत नव्हतं. मग खट्! बाजू संपली होती. दादाचं कोपर बरगडीत बसलं.

परत येताना रस्त्यात दादानं विचारलं, "कुठं होतास रे?"

झोपलो होतो, असं कसं सांगणार? ज्यांच्यासाठी लोक दोन दोन दिवस रांगेत उभे राहिले, त्यांच्यासमोर बसून हा गडी झोपला! तो म्हणाला, "दादा, काय गिटार वाजली रे तेव्हा! माझं भानच गेलं. तू ऐकली नाहीस?"

"मी कॅसेटीत गुंतलो होतो," दादा म्हणाला. "कशी वाजली?"

आणि धाकट्यानं चालता चालता गुणगुणून दाखवलं. झोपेतून उठताना ते ओठांवर होतंच. दादा दिव्याच्या खांबाखाली थांबला. "परत म्हण," म्हणाला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ही तर साडेपाच हजार माणसांच्या गर्दीत हरवलेली मूठ. दादाच्या प्रती जगभर गेल्या. मूळ कॅसेट मात्र त्यानं कधी कुणाच्या हाती दिली नाही. प्रत्येक प्रतीत पहिल्या बाजूच्या शेवटी चाळीस सेकंदांचं भगदाड होतं आणि त्यावरून संग्राहकांनी दादाला सोलून काढलं. सराईत हाताला कॅसेट उलटायला आठ-दहा सेकंद लागतात. या गृहस्थाला चाळीस? एकानं पत्रात लिहिलं, "तुम्ही कॅसेट उलटत होता की गादी?" तेव्हापासून त्या मंडळींत दादाचं नाव 'गादीवाला' पडलं. दादा हसून सोडून द्यायचा. "त्या चाळीस सेकंदांत काय होतं ते माझ्या भावानं ऐकलंय," एवढंच लिहायचा.

दर रविवारी घड्याळजी दादाकडे जायचा. चहा झाला की दादा कपाटाला पाठ टेकून म्हणायचा, "म्हण ना एकदा." घड्याळजी म्हणायचा. एक्केचाळीस वर्षांत ती धून वाढली, वळली, मध्येच थबकून पुन्हा वर जायला शिकली. कधी कधी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की त्याला वाटायचं, खरंच वाजली असेल. झोपेत कान बंद थोडेच होतात?

आणि आता ती रात्र सबंध सापडली होती. कार्यक्रम झाला त्या क्रीडागृहात दिवे सांभाळणारा माणूस वारला. त्याच्या मुलीला ट्रंकेत टेपचं मोठं रीळ मिळालं. वर दिव्यांच्या माळ्यावर बसून त्यानं सगळा कार्यक्रम टिपला होता, आणि एवढ्या मोठ्या रिळाला मध्ये उलटायची भानगडच नव्हती. तिनं दोन तासांच्या कॅसेटीवर काढलेली पहिली प्रत दादाकडे आली. दादा म्हणाला, "मी एकटा ऐकणार नाही. तुझ्याबरोबरच." आणि नेमका डेकचा पट्टा गेला.

सतराव्या दिवशी दुपारी दादा स्वतःच दुकानात हजर झाला. काठी दाराला टेकवली, खुर्ची ओढली, बसला. फळीवरचं फडकं उचललं. मग पुढं वाकून समोरचा खण उघडला आणि दोन बोटांत एक पट्टा धरून वर केला.

"हा कुणाचा?"

घड्याळजी भिंग पुसायला लागला. "हा... हा दुसऱ्या मॉडेलचा."

"बरं. बसव, बघू तरी."

केसाएवढी स्प्रिंग एका श्वासात बसवणारे हात त्या दिवशी साध्या स्क्रूशी झटापट करत होते. पट्टा चपखल बसला. दादानं आतल्या खिशातून कॅसेट काढली आणि भिंतीकडे बघून म्हणाला, "आधी यांना गप्प कर."

भिंतीवर अठरा घड्याळं होती. घड्याळजी एकेकाचा लंबक बोटानं थांबवत गेला. टिकटिक विरळ होत गेली. शेवटचं थांबलं तेव्हा दुकानात दुपार तेवढी उरली, काचेतून आलेलं ऊन आणि त्यात तरंगणारी धूळ. असा शांतपणा त्यानं स्वतःच्या दुकानात कधी ऐकला नव्हता.

दादानं बटण दाबलं.

तीच रात्र, पण वरून ऐकलेली. गर्दी खाली कुठंतरी खोल पसरलेली होती. चौथं गाणं सरलं, पाचवं सुरू झालं, आणि घड्याळजीला ते निळे दिवे दिसायला लागले. खुर्चीचा कठीण काठ, दादाच्या कोटाचा वास, दुखणारे पाय. आता. आता येईल. त्याचे ओठ आपोआप त्या धुनेसाठी तयार झाले.

गिटार थांबली. गायकानं माइकवर सांगितलं की तार तुटली आहे, जरा धीर धरा. लोक हसले. ड्रमवाला वेळ काढायला हळूहळू थाप देत राहिला. कुणी बाई खोकली. चाळीसेक सेकंदांनी दुसरी गिटार हातात आली आणि गाणं पुढं निघालं, अगदी जिथून दादाची दुसरी बाजू सुरू होते तिथून.

दादानं मशीन बंद केलं. घड्याळजी मान खाली घालून बसला होता. साठीच्या माणसाला पोरासारखं रडू येतंय याची त्याला लाज वाटत होती.

"दादा, मला झोप लागली होती."

"माहीत आहे."

"आज कळलंच म्हणा तुला. पण इतकी वर्षं मी..."

"आज नाही रे." दादानं दुसऱ्या खिशातून आणखी एक कॅसेट काढली. कडा झिजलेली मूळ कॅसेट. ती मशीनमध्ये घालून त्यानं पहिल्या बाजूचं टोक गाठलं. पुन्हा तेच गाणं, पण आता जवळून, कोटाच्या आतून. तार तुटल्याचं गायक सांगत होता, लोक हसत होते, आणि त्या सगळ्याच्या वर, माइकला अगदी लागून, कुणीतरी घोरत होतं. सावकाश, निर्धास्त. अर्धा मिनिट. मग खट्.

घड्याळजी मशीनकडे वाकला.

"हा मी?"

"मग काय मी? उलटायला मला दहाच सेकंद लागले होते. वरचे तीस प्रती काढताना मीच कापले. साऱ्या जगात तुझं घोरणं कशाला पाठवू?"

"आणि गादीवाला म्हणून घेतलंस स्वतःला!"

"त्यात काय? वाईट नाव नाही." दादा म्हणाला. "त्या रात्री दीड तास तू शेजारी होतास आणि मी एकदाही तुझ्याकडे वळून बघितलं नाही. माझं सगळं लक्ष माइकवर. घरी येऊन हे ऐकलं तेव्हा कळलं, पोरगं किती दमतंय. बाराबारा तास उभा राहून माझं कॉलेज चालवतंय, आणि मी त्याला घड्याळ बघायला बसवलं."

घड्याळजीला आठवलं. पुढच्याच महिन्यात दादानं संध्याकाळची नोकरी धरली होती. दुकानाच्या मालकानं धाकट्याला निम्मा दिवस मोकळा दिला होता, का ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. नोकरी कॅसेटींसाठी, असंच तो आजवर धरून चालला होता. बायकोजवळ एकदा दोनदा बोललाही होता तसं.

"मग दर रविवारी म्हणायला का लावायचास? माहीत असताना?"

"आवडायचं म्हणून," दादा म्हणाला. "ती धून त्यांची नाही, तुझी आहे. सहाशे कॅसेटींत कुठं सापडली नाही मला. खरं सांगितलं असतं तर लाजून परत म्हटली नसतीस तू." मग म्हणाला, "आता हे रीळ सगळीकडे जाणार. दुसऱ्या कुणाकडून तुला कळू नये म्हणून आलो."

घड्याळजीनं नाक पुसलं. उठला, खणातून कोरी कॅसेट काढली, दुसऱ्या खाचेत बसवली.

"मूळ पाठव सगळ्यांना. न कापलेली."

"वेडा आहेस का? हसतील तुला."

"तुला हसले ना एक्केचाळीस वर्षं? आता माझी पाळी."

दादानं मूळ कॅसेट पहिल्यापासून लावली. प्रत निघायला लागली. थांबलेल्या घड्याळांखाली दोघं भाऊ बसून राहिले. घोरणं आलं तेव्हा आधी दादा हसला, मग घड्याळजी हसला, आणि एक गिऱ्हाईक दारातून डोकावून परत गेलं.

बाजू संपल्यावर दादानं पेन मागितलं. कॅसेटीवरची माहिती पूर्ण असावी लागते, त्याशिवाय संग्राहक ती हातात धरत नाहीत. तारीख लिहिली, जागा लिहिली, गाणी ओळीनं लिहिली. मग चष्मा वर सरकवून, बारीक अक्षरात, खाली उरलेल्या जागेत लिहिलं : 'पाचव्या गाण्यात गिटारची तार तुटली. घोरणारा माझा धाकटा भाऊ. वय एकोणीस. दिवसभर उभा होता.'