एकतीस दातांचे चाक

त्या रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी एकोणिसावी फेरी पुरी झाली. बाबांनी कागदाच्या कोपऱ्यात एकोणिसावी काडी ओढली आणि दारात चपला घालणाऱ्या लेकीला हाक मारली.

"चौकशीबाई, बस जरा. बाराच राहिल्यात."

"तुमच्या बारा म्हणजे अर्धा तास, बाबा. पुढच्या रविवारी करू."

"बरं. चाक कुठं पळून जातंय?"

त्यांनी पेन्सिल माझ्याशेजारी आडवी ठेवली. मंगळवारी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

मित्रांनो, मी एक जुने पितळी चाक आहे. लहान मुलाच्या तळहातावर मावेन एवढे. माझ्या कडेला एकतीस दात आहेत आणि अंगात पेन्सिलीचे टोक जाईल असे एक भोक. माझ्या जोडीला एक मोठे कडे आहे, त्याच्या आतल्या बाजूला शहाण्णव दात. कडे कागदावर टाचण्यांनी पक्के बसवायचे, मला त्याच्या आत ठेवायचे आणि पेन्सिलीने कडेकडेने लोळवायचे. मी लोळत जाते, मागे रेघ उमटत जाते. ती कशी दिसते, हे लोळताना मला कधीच कळत नाही. मला उचलले की मगच दिसते.

त्या रेघेला नाव असते, हे मी लेकीच्या प्रश्नातून शिकले. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

"टायरला चिकटलेला खडा आठव," बाबा म्हणाले होते. "सायकल सरळ जाते, पण खडा कमानी काढत जातो. ती कमान म्हणजे चक्रज. चाकातून जन्मलेली. तेच चाक दुसऱ्या चाकाच्या बाहेरून लोळलं तर अधिचक्रज, आतून लोळलं तर अंतश्चक्रज."

"मग आपली अंतश्चक्रज?"

"तिची चुलत बहीण. खडा अगदी कडेवर असला तर टोकं अणकुचीदार येतात. आपलं भोक जरा आत आहे, म्हणून पाकळ्या गोल."

"आणि भोक बरोबर मध्ये असलं तर?"

"तर नुसतं वर्तुळ. आता जेव."

बाबा यंत्रांची दातेरी चाके कापायचे. कारखान्यात त्यांना सगळे 'दातांचा डॉक्टर' म्हणत. सुट्टीच्या दिवसांत लेक त्यांच्यासोबत जाई आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसे. भिंतीवर एक तेलकट तक्ता होता. किती दात कापायचे असतील तर प्रत्येक दातानंतर हँडल किती पूर्ण फेरे आणि वर त्यामागच्या तबकडीवरची किती भोके फिरवायचे, हे त्यात लिहिलेले असे. तो वाचून दाखवणे हे तिचे काम. बाबांना तक्ता पाठ होता, पण काम तिचे ते तिचेच.

मी तेव्हा मशीनवर चढवलेली गुळगुळीत चकती होते. घरच्या कड्यासाठी माझ्यावर बत्तीस दात कापायचे ठरले होते. बत्तीस शहाण्णवात बरोबर तीनदा बसतात, म्हणजे एका फेरीत तीन पाकळ्या आणि रेघ मिटली.

"बत्तीसची ओळ वाच."

तिने तक्त्यावर बोट ठेवले. "एक पूर्ण फेरा आणि वर नऊ भोकं."

हँडलवरचा बाबांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी ती म्हणाली तसेच केले.

संध्याकाळी फोरमनने मला हातात घेऊन दात मोजले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "डॉक्टर, एक अक्कलदाढ विसरलात की."

हशा पिकला. स्टुलावरच्या लेकीने तक्त्याकडे पाहिले.

"चष्मा बदलायला झालाय," बाबा म्हणाले आणि मला खिशात टाकले.

दुसरे चाक कापणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ते कापले नाही. घरी माझी पहिली फेरी झाली आणि रेघ सुरुवातीला येऊन मिळायच्या ऐवजी तीन दात अलीकडेच वळली.

"हे चुकलंय," लेक हळूच म्हणाली.

"उशीर लागेल एवढंच. एकतीस फेऱ्या, शहाण्णव पाकळ्या. मग मिटेल."

पण नऊ वर्षांच्या पोरीला एवढा धीर कुठला? सातव्या-आठव्या फेरीला ती उठून जाई. पुढे ती शिकली, नोकरीला लागली आणि मी बटणांच्या डब्यात जाऊन पडले. दातांत मळ साचला. निवृत्त झाल्यावर बाबांनी मला शोधून काढले, सुईने दात साफ केले आणि त्या रविवारी कागदावर कडे टाचले.

तेव्हा हँडलवरचा बाबांचा हात का थांबला होता, याचे मला आजही कुतूहल आहे. पंचवीस वर्षे दात कापणाऱ्या माणसाला चुकलेली ओळ ऐकू आली नसेल का? मला विचारता येत नाही.

बाबा गेल्यानंतर तेराव्या-चौदाव्या दिवशी आई लेकीला म्हणाली, "टेबल अडलंय. पण तो कागद मी नाही हो उचलणार. तूच बघ काय ते."

मित्रांनो, आम्हा वस्तूंना फार काही लागत नाही. कोरड्या फडक्याने पुसा, डब्यात टाकून विसरू नका आणि सुरू केलेली रेघ मिटेपर्यंत सोबत बसा. जमले तर रविवारीच.

लेक बसली. कोपऱ्यातल्या काड्या तिने दोनदा मोजल्या. विसावी फेरी बाबांच्या रेघेला जोडून निघाली. तिच्या हाताचा दाब वेगळा होता, तिथून रेघ जरा गडद झाली आहे. पंचविसाव्या फेरीला आईने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. एकतिसाव्या फेरीच्या शेवटी पेन्सिल एका फिकट पाकळीत शिरली आणि रेघ मिटली.

तिने मला उचलले. शहाण्णव पाकळ्या होत्या. तिने शेवटची काडी ओढली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत, मोठ्याने म्हणाली,

"बाबा, तक्ता मी चुकीचा वाचला होता. बोट वरच्या ओळीवर गेलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं."