हसऱ्या अक्षरांत छापलेली हाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी अक्षरसंच आहे, आणि तोही चांगला पोट सुटलेला. माझ्या 'क'चे गाल फुगलेले, 'ह'च्या शेपटीला गिरकी, आणि डोक्यावरची रेघ तर कधी सरळ चाललीच नाही. एका सुताराने मला कोरले. "दुरून बघणाऱ्याला हसू आलं पाहिजे," असे त्याच्या बायकोने बजावले होते. कोरता कोरता तो स्वतःच हसत असे.

मग मी छापखान्यात आलो. अक्षरे जुळवून ओळी लावणारे जुळारीकाका तेथे होते. गावात सर्कस, जादूचे प्रयोग किंवा विनोदी नाटक आले की ते मला खणातून काढत, रॉकेलच्या बोळ्याने पुसत आणि शाई चढवत. मग भिंतीभिंतीवर मीच. बापाच्या खांद्यावर बसलेली पोरे माझ्याकडे बोट दाखवीत. ते माझे सुखाचे दिवस होते.

एका सकाळी शिवणकाम करणारी एक बाई धापा टाकत आली. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती.

"माझे वडील कालपासून घरी आले नाहीत. हल्ली त्यांना घर आठवत नाही. भिंतींवर लावायला कागद छापून द्या."

काकांनी खण उघडले. साधे मोठे ठसे झिजून गेले होते. दुरून दिसेल असा मीच उरलो होतो.

"ताई, ही अक्षरं सर्कशीची आहेत. लोकांना गंमत वाटेल."

"वाटू दे. थांबून वाचतील तरी."

काकांनी 'हरवले आहेत' हे शब्द माझ्यात लावले. खाली शिशाच्या बारीक ठशांत वर्णन: निळा सदरा, पायांत दोन वेगळ्या चपला. कागद वाळायच्या आतच ती ते घेऊन निघाली.

लोकांनी मला पाहिले, ते हसले आणि पुढे गेले. एक गृहस्थ तर छापखान्यात येऊन विचारू लागले, "या नव्या नाटकाची तिकिटं कुठं मिळतात?"

त्या बाईचे वडील सापडले, पण फार उशिरा. गावाबाहेरच्या बंद गोदामाच्या पायरीवर थंडीने त्यांचा जीव गेला होता. चौकातला न्हावी त्यांच्या मुलीला म्हणाला, "ते माझ्या दुकानासमोर त्या कागदाखाली बराच वेळ उभे होते हो. मला वाटलं, नाटकाची जाहिरात आहे. खालचं मी वाचलंच नाही."

तिने भिंतीवरचा कागद हलकेच सोलला, घडी घातली आणि घेऊन गेली.

त्यानंतर मला हात लावायला काका धजेनात. त्यांनी मला तळच्या खणात ठेवले. पुढे काका गेले, छापखाना बंद पडला आणि माझी अक्षरे सुटी सुटी विकली गेली. काही शोभेसाठी भिंतींवर टांगली आहेत. उरलेली एका पोत्यात भुंगा लागून झिजत आहेत.

मित्रांनो, तुम्ही आता बोटाच्या एका स्पर्शाने हवी ती अक्षरे निवडता. निवडण्याआधी मजकूर एकदा मोठ्याने वाचा. आणि भिंतीवरचा कागद कितीही गमतीचा दिसो, खालच्या बारीक ओळी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्या ओळींत कोणाचे तरी वडील असतात.