कायम कुलूपबंद

दाढदुखी कुणाला आवडत नाही, पण त्या दिवशी तिच्यामुळेच त्याला आपलं गाव पहिल्यांदा धड उजेडात दिसलं. नऊ वर्षं तो इथे राहत होता. राहत होता म्हणजे काय, झोपायला येत होता. सकाळी सव्वासहाची शहराची बस पकडायची, ते थेट रात्री आठला घराचं दार वाजवायचं. रविवारी दुपारपर्यंत लोळायचं आणि मग खिडकीत उभं राहून "काय शांतता आहे!" म्हणायचं.

दाढ काढून, गालावर हात धरून तो अकराच्या सुमाराला बसथांब्यापाशी आला, तर समोरचा गावाचा हॉल सताड उघडा. तो जागच्या जागी थबकला. डाव्या खोलीत सतरंजीवर दहा-बारा पोरं कालवा करत होती. उजवीकडे नर्स रक्तदाब तपासत होती आणि बाकावर म्हातारी मंडळी आपापल्या गोळ्यांची तुलना करत बसली होती. मधल्या खोलीत खिडकीपाशी शिलाई मशीन होतं आणि मशीनवर, दातात दोरा धरून, त्याची आई. शेजारी पोस्टवाली आपला कोट शिवून होण्याची वाट बघत उभी होती. आई तिला काहीतरी सांगत होती आणि दोघी खिदळत होत्या. घरात आईला असं हसताना त्याने शेवटचं कधी पाहिलं होतं, त्याला आठवेना.

"कुणाकडे आलात?" हॉलची झाडलोट करणाऱ्या बाईने विचारलं.

"कुणाकडे नाही. ती माझी आई आहे."

"अय्या, तुम्ही बटणआजींचे चिरंजीव होय! तुम्ही शहरात असता ना?"

"इथेच राहतो," तो म्हणाला आणि आईची नजर पडायच्या आत सटकला.

असं सटकण्याला कारण होतं. दोन महिन्यांपूर्वी बसमध्ये बसून त्यानेच गावसमितीला अर्ज लिहिला होता. 'थांब्यासमोरचा हॉल कायम कुलूपबंद असतो. मोक्याची जागा वाया जात आहे. तिथे बसप्रवाशांसाठी पार्किंग करावे.' 'कायम कुलूपबंद' हे शब्द सुचले तेव्हा त्याला स्वतःचं भारी कौतुक वाटलं होतं. अर्ज आठवडाभर थांब्याच्या खांबाला टांगला आणि एकशेबारा सह्या जमल्या; त्याने त्या नावं न वाचता नुसत्या मोजल्या. कुणी खोटं बोललं नव्हतं. हॉल नऊला उघडायचा, पाचला बंद व्हायचा, रविवारी सुट्टी. बसने जाणाऱ्यांनी जन्मात त्याचं कुलूपच तेवढं पाहिलं होतं.

पण बाकीच्यांच्या आया हॉलवर जात नव्हत्या. याची जात होती, आणि रोज सांगतही होती. "आज हॉलवर फार काम पडलं रे." त्यावर हा मोबाइलमधून मान वर न काढता "हं" म्हणायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तो तसाच समितीच्या कार्यालयात गेला. कारकुनाने हसून स्वागत केलं.

"अर्ज काय झकास लिहिलात हो! सभेत मोठ्याने वाचून दाखवला."

"मला तो मागे घ्यायचाय."

"आता? बैल गेला आणि झोपा केला! ठराव झाला. सोमवारी भिंती पाडणार."

"आणि तिथली माणसं?"

"नर्स पुढच्या गावात बसेल. पोरांचं बघतोय. आजींचं मशीन काय, तुमच्याच घरी येईल की."

"माझी सही तरी खोडा."

"खोडतो. एकशेअकरा उरतील," कारकून म्हणाला आणि त्याने खरंच फाइल उघडली.

घरी बायको नेमकी दुपारपाळीला निघत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. ती बूट घालता घालता थांबली.

"तुला हॉलचं माहीत नव्हतं? अरे, अख्खं गाव आईंना ओळखतं."

"आता काय करू?"

"सांग त्यांना. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत."

साडेपाचला आई आली. तोवर त्याने मनात दहा वेळा वाक्यं जुळवली होती, पण ती समोर बसली आणि सगळी पळाली. "आई, हॉल माझ्यामुळे पडतोय," तो एकदम म्हणाला. "तो अर्ज मी लिहिला. मला माहीत नव्हतं. म्हणजे तू सांगत होतीस, मी ऐकत नव्हतो." त्याने बाहीने डोळे पुसले. चाळिशी उलटलेला बाप्या, पण त्याला वाटलं, आईने आता एक सणसणीत ठेवून द्यावी म्हणजे सुटलो.

आईने चष्मा काढून पदराने पुसला. "ठाऊक आहे. सही करतानाच तुझं अक्षर ओळखलं."

"सही? तू सही केलीस?"

"शेवटून तिसरी माझी."

"अगं पण तुझं मशीन, तुझी ती सगळी माणसं..."

"वाईट वाटलं रे. खोटं कशाला बोलू? दोन दिवस त्या खांबाजवळून नुसती ये-जा केली." तिने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "पण तू रोज म्हणायचास ना, गाडी लांब शाळेमागे लावावी लागते, तिथवर चालत जाण्यात अर्धा तास मोडतो. म्हटलं, समोरच जागा मिळाली तर साडेसातला घरी येशील. सगळे एकत्र जेवू."

गाडी शाळेमागे असायची, ते खरं. पण शाळा थांब्यापासून चार मिनिटांवर होती. बाकीचा अर्धा तास तो थांब्यामागच्या कॅन्टीनमध्ये बसायचा, ज्यांच्याबरोबर दीड तास बसमध्ये घालवला त्याच मित्रांबरोबर. घरी गेलं की कुणी ना कुणी काहीतरी विचारतं, सांगतं, मागतं. तेवढंच टळायचं.

एक कबुली देताना त्याला रडू आलं होतं. दुसरी त्याच्या ओठांपर्यंत आली आणि त्याने ती गिळून टाकली.

"मग येशील ना आता साडेसातला?" आईने विचारलं.

"येईन," तो म्हणाला, आणि आईने ते खरं मानलं.