गहिवरचा पाचशेवा भाग

अनिरुद्ध धुरीच्या सोफ्यावर बसून जो रडला नाही तो मराठी कलाकारच नव्हे, असं हल्ली सगळे धरून चालतात. कार्यक्रमाचं नावच 'गहिवर'. दर रविवारी रात्री आठ वाजता आख्खा महाराष्ट्र जेवणाची ताटं घेऊन बसतो आणि कोण कसा हुंदके देतो ते बघत बघत आमटी ओरपतो. प्रायोजक एक कांदा-लसूण मसालेवाले. ह्यात कोणाला काही गमतीचं वाटलं नाही, एवढी ती माणसं कामात गंभीर.

त्याआधी बारा वर्षं अनिरुद्धनं मनोरंजन वार्ताहर म्हणून गोरेगावच्या स्टुडिओंच्या फाटकांवर काढली होती. हातात चॅनेलचा माईक आणि तोंडात एकच प्रश्न, 'काय भावना आहेत आत्ता?' मुहूर्त असो, साखरपुडा असो, घटस्फोट असो, प्रश्नात फरक नाही. एकदा तर एका बुजुर्ग नटाच्या अंत्ययात्रेत त्यानं खांदेकऱ्याला हेच विचारलं. खांदेकऱ्यानं नुसता खांदा बदलला. पण ते फुटेज दिवसभर चाललं आणि चॅनेलच्या साहेबांच्या नजरेत पोरगा भरला. ह्याला लाज नाही, म्हणजे हा पुढे जाणार, असं कोणीतरी ओळखलं असावं. झालंही तसंच. त्याला सोफा मिळाला.

सोफ्याचा नियम एकच होता. दुसऱ्या ब्रेकच्या आत पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. बहुतेकांचं यायचं. गरिबी असायची, सावत्र आई असायची, काहीच नसलं तर पहिल्या ऑडिशनला मिळालेला नकार असायचा. घोडं अडलं ते एक्केचाळिसाव्या भागात. नायिका आली होती ठाण्याची. बालपण सुखात, आईवडील प्रेमळ, घरचा कुत्रासुद्धा म्हातारा होऊन शांतपणे गेलेला. पहिला ब्रेक झाला, दुसरा तोंडावर आला, बाई आपली हसतेय. अनिरुद्धला घाम फुटला. आणि त्या घामातच त्याच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या बाबांनी मला नाटकापायी घराबाहेर काढलं होतं. सोळा वर्षांचा होतो. एकांकिकेच्या दिवशीच. पट्ट्यानं मारलं, आणि माझा मेकअपचा डबा गटारात फेकून दिला."

नायिका ढसाढसा रडली. प्रेक्षक रडले. त्या आठवड्याचा टीआरपी असा चढला की चॅनेलनं पेढे वाटले.

आता खरं काय होतं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही जरा कसं वाटतं ते बघा. अनिरुद्धचे वडील दशरथ धुरी, मूळचे कुडाळकडचे, गिरणीत कामगार. गिरणी गेल्यावर घाटकोपरच्या एका छापखान्यात बाइंडिंगला लागले. पण जीव सगळा नाटकात. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत हा माणूस दरवर्षी खलनायक करायचा, आणि असा करायचा की बायका घरी जाताना त्याच्याकडे बघायच्या नाहीत. पोराला नाटकात घातलं त्यांनीच. ज्या एकांकिकेच्या दिवशी पट्टा चालला म्हणून अनिरुद्ध सांगायचा, त्या दिवशी सेट नेणारा टेम्पो आला नव्हता. दशरथनी मुलुंडच्या चाळीतली लाकडी खुर्ची डोक्यावर घेऊन हॉलपर्यंत पायी नेली, मग पोराला स्वतःच्या हातानं मिशी रंगवली, आणि पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. मार सोडा, आवाज चढवायची वेळसुद्धा त्या घरात कधी आली नव्हती.

पण एकदा चाललेली गोष्ट कोण सोडतो? पुढची जवळजवळ नऊ वर्षं पाहुणा अडला की अनिरुद्ध बापाला काढायचा. कधी पट्टा, कधी छत्री, एकदा तर तव्यावरचं उलथनं. दशरथ मुलुंडला बसून त्या त्या रविवारी स्वतःचा मार बघायचे. पहिल्यांदा त्यांनी फोन केला होता. अनिरुद्ध म्हणाला, "बाबा, ते टीव्हीपुरतं असतं." त्यावर ते "असू दे, असू दे" म्हणाले, आणि तो विषय तिथं संपला. आई असती तर तेच उलथनं घेऊन चॅनेलच्या हापिसात आली असती. पण ती हे सगळं सुरू व्हायच्या आधीच गेली.

तर पाचशेवा भाग जवळ आला. अंधेरीच्या हापिसात मीटिंग बसली. चॅनेलप्रमुख मृणालिनी मॅडम म्हणजे बोलणं गोड आणि सुरी धारदार. त्या म्हणाल्या, "अनिरुद्ध, पाचशेव्या भागात पाहुणा तूच. आणि दारातून येणार तुझे बाबा. सगळ्यांसमोर माफी मागणार. महाराष्ट्र वेडा होईल."

 अनिरुद्धनं वडिलांचं वय काढलं, तब्येत काढली, त्यांना कॅमेऱ्याची सवय नाही म्हणाला. संशोधनाचं काम बघणारी श्रुतिका, बिचारी प्रामाणिक मुलगी, तिनं लगेच लॅपटॉप उघडला. "सर, फक्त एक अडचण आहे. तुम्ही ही गोष्ट सव्वीस वेळा सांगितलीय. पट्टा एकोणीस, छत्री सहा, उलथनं एक. बाबांनी नेमकं काय कबूल करायचं?"

"पट्टा," मॅडम म्हणाल्या. "पट्टा क्लासिक आहे." मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ, पुढच्या वर्षीचा करार अजून सही व्हायचाय. निधीचं नाव चर्चेत आहे, तुला माहीत असेलच."

निधी म्हणजे चोवीस वर्षांची, मोबाइलवर रील्स करणारी मुलगी. ती स्वतःच रडते, पाहुण्याची वाट बघत नाही. खर्च अर्धा. अनिरुद्धला ते चांगलंच माहीत होतं. त्रेचाळिसाव्या वर्षी परत फाटकावर माईक घेऊन उभं राहायचं, ह्या विचारानंच त्याची पाचावर धारण बसली. बापाला आणलं तर सोफा राहणार, नाही आणलं तर सोफा जाणार, हिशेब इतका सरळ होता. तो म्हणाला, "बाबांशी बोलतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलुंडला गेला. चाळीच्या जागी आता इमारत उभी राहिलीय. खाली सोसायटीचा हॉल आहे आणि त्यात दशरथ दर मे महिन्यात मुलांचं नाट्यशिबिर घेतात, फुकट. तो गेला तेव्हा ते भिंतीवर शिबिराची जाहिरात चिकटवत होते.

"इलंस? बस," ते म्हणाले. बाहेर कितीही मराठी झाडली तरी घरात त्यांची मालवणीच.

अनिरुद्धनं सगळं सांगितलं. सोफा, निधी, करार, दार, माफी. सांगताना त्यानं एकदाही वडिलांकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या जाहिरातीकडे बघून बोलत राहिला. आता बाबा चिडतील, हाकलून देतील, असं त्याला वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांनी हाकललं असतं तर तो सुटला असता. मॅडमना सांगता आलं असतं, बघा, अजून तसेच आहेत.

दशरथ समोरच्या खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "माका एक सांग झिला. मी तुका मारलंय कशाक?"

"नाटकात काम करतो म्हणून."

"पण नाटकात तुका मीच घातलंय ना रे?"

"बाबा, ते... गोष्टीत नाही."

"बरा." त्यांनी मान हलवली. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि अनिरुद्धच्या लक्षात आलं की म्हातारा भूमिकेचा विचार करतोय. "ह्यो बाप दारू पिता?"

"पित असेल. चालेल."

"नको. दारू पिणाऱ्याक लोक लगेच माफ करतत. शुद्धीत मारणारो जास्त वाईट." ते उठून फेऱ्या मारायला लागले. "पट्टो खंयच्या हातान मारतंय? आणि डबो गटारात टाकल्यावर मी मागे वळान बघतंय काय? नाय बघूचा. बघितलंय तर लोकांका दया येतली."

अनिरुद्धला हसावं की रडावं ते कळेना. माणूस नऊ वर्षं बदनाम होतोय आणि विचारतोय काय, तर पट्टा कुठल्या हातानं. शेवटी निघताना त्याला राहवलं नाही. "बाबा, शिबिराचं काय? पालक टीव्ही बघतात."

दशरथनी चिकटपट्टीचा तुकडा दातानं तोडला. "बघतत तर. मग कोण आपली पोरां माझ्याकडे पाठवतलो?" तेवढं म्हणून त्यांनी जाहिरातीचा सुटलेला कोपरा दाबून बसवला. "तुझी नोकरी राहता ना? मग झाला."

अनिरुद्ध म्हणाला, "लोक विसरतात, बाबा." हे वाक्य त्यानं पाहुण्यांना इतक्यांदा ऐकवलं होतं की ते आपोआपच तोंडातून आलं.

शूटिंग गोरेगावला, दुपारी दोन वाजता. प्रेक्षकांत दीडशे माणसं, नाश्त्याच्या बोलीवर आणलेली. मसालेवाल्यांचे साहेब पहिल्या रांगेत. दिग्दर्शक शिवदास कानाला हेडफोन लावून पडद्यांसमोर बसलेला. अनिरुद्ध आज यजमानाच्या नव्हे, पाहुण्याच्या बाजूला. पट्टा, गटार, घराबाहेरचे तीन दिवस, सगळं त्यानं सत्ताविसाव्यांदा सांगितलं. आणि मग दार उघडलं.

दशरथ आत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात रिकामे. चालणं मात्र वेगळंच होतं, पाय ओढत, खांदे पाडून, जणू कित्येक वर्षं कोणी ह्या माणसाशी बोललेलं नाही. अनिरुद्धनं स्वतःच्या बापाला ओळखलं नाही. प्रेक्षकांत कोणीतरी "हाच तो" असं कुजबुजलं आणि दोघीतिघींनी तोंडं फिरवली.

"मी दारू पीत नव्हतो," दशरथ म्हणाले. मालवणीचा मागमूस नाही, शब्द स्वच्छ, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारे. "लोक म्हणतात, प्यायला असेल. नाही. शुद्धीत मारलं. पोराच्या अंगात जे होतं ते माझ्या अंगात नव्हतं, म्हणून मारलं. वडील म्हणून मी माफीच्या लायकीचा नाही. पण सत्त्याहत्तर वर्षांचा झालोय, आणि माझ्याकडे मागायला दुसरं काही उरलेलं नाही."

हे संहितेत नव्हतं. श्रुतिकाच्या हातातले कागद तसेच राहिले. मसालेवाले साहेब रुमाल शोधत होते. आणि मग दशरथ पुढे आले, सोफ्यासमोर थांबले, आणि एक हात सोफ्याच्या कडेवर टेकून, शस्त्रक्रिया झालेला गुडघा कसाबसा वाकवून, मुलाच्या पायांपाशी खाली गेले.

बाप पोराच्या पाया पडतोय. अनिरुद्धला डोक्यात घण बसल्यासारखं झालं. त्यानं त्यांना धरलं, वर ओढलं, आणि त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून तो रडला. पाचशे भागांत पहिल्यांदा खरं रडला. नाक गळत होतं, आवाज घोगरा निघत होता, ज्याला टीव्हीवर वाईट रडणं म्हणतात तसं. शर्टाला छापखान्यातल्या खळीचा नव्हे, नुसता साबणाचा वास येत होता, आणि त्याला एकच गोष्ट कळत होती की हा माणूस आपल्यासाठी स्वतःचं नाव मातीत घालतोय आणि आपण घालू देतोय. आता बास. आत्ता मान वर करायची आणि सांगून टाकायचं, हे सगळं खोटं आहे, ह्या माणसानं मला कधी बोटही लावलेलं नाही. सोफा गेला खड्ड्यात. वाक्य ओठांवर आलंसुद्धा.

"कट," शिवदास म्हणाला.

टाळ्या थांबल्या. शिवदास धावत आला, डोळे त्याचेही ओले. "दादा, झकास. काका, तुम्ही तर कमालच केली. फक्त एक लोचा झाला. दादा, तुमचं तोंड काकांच्या खांद्यात होतं. रडणं आलंच नाही, पाठ आली नुसती. क्लोजअप शून्य."

पहिल्या रांगेतून मृणालिनी मॅडमनी अंगठा दाखवला आणि मग तेच बोट गोल फिरवलं, म्हणजे पुन्हा एकदा.

मेकअपवाली आली. तिनं अनिरुद्धचं नाक पुसलं, गालांवर पावडर फिरवली. दशरथ एका हातानं गुडघा दाबत उभे होते. कपाळावर घाम होता. त्यांनी मुलाकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती, एका नटानं दुसऱ्याला विचारावं तसं ते हळूच म्हणाले, "परत वाकूचा काय रे?"

अनिरुद्धनं तोंड उघडलं. ते वाक्य अजून तिथंच होतं. त्यानं समोरच्या पडद्याकडे बघितलं. पडद्यावर त्याची पाठ होती, आणि त्या पाठीआडून म्हाताऱ्याचा अर्धा कान.

"हो बाबा," तो म्हणाला. "आणि ह्या वेळी मी उचलेपर्यंत खालीच राहा."