बिनबोभाट पंखा

कुसुमच्या अण्णांनी, म्हणजे ज्योतीरामांनी, कारखान्यातली पक्की नोकरी सोडून एक पंखा केला होता. केवढासा, तर जेवणाच्या ताटाएवढा! मोटारीच्या बॅटरीवर फिरणारा. वायरलेस बसवलेल्या सरकारी गाड्यांत माणसं उकडून निघायची, त्यांच्यासाठी. वारा तर असा झकास की काय सांगावं! पण अशा पंख्याच्या मोटरीत आतल्या आत बारीक ठिणग्या उडतात, आणि ठिणगी उडाली की शेजारच्या वायरलेसमध्ये खरखर उमटते. ती खरखर ठरल्या हद्दीखाली राहिली तरच सरकार पंखे घेणार होतं. नाहीतर नोकरीही गेली आणि पंखाही गेला.

खरखर मोजायचं यंत्र सरकारी तपासणीला आलेल्या सोपानराव साहेबांनी मुंबईहून आणलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी ते परत जायचं होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते आज.

सकाळी चिंचवडला अण्णांच्या शेडमध्ये यंत्र लावलं, तर पंखा बंद असतानाच काट्याचा थयथयाट! जवळून विजेची आगगाडी गेली की तो पार टोकाला जाऊन आदळायचा.

"इथं कसलं मोजता ज्योतीराम," साहेब म्हणाले. "भर बाजारात कुणाची कुजबुज ऐकू येईल का?"

मग जीप काढली आणि सगळे चाकणच्या बाजूला एका गायरानावर आले. विजेच्या तारा नाहीत, गिरणी नाही, काही नाही. रविवार असल्यामुळे कुसुमही बरोबर होती. आईनं डबा सांभाळायला धाडलं होतं खरं, पण कुसुमला बघायचा होता काटा. डब्याला काय पाय फुटणार होते?

साहेबांनी तीन पायांचा लाकडी स्टँड रोवला, वर तारेचं मोठं कडं बसवलं, कानाला हेडफोन लावला आणि जीप बंद करायला सांगितली. काटा खाली आला. झोपलाच! अण्णांचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला आणि...

धडधडधडधड! शेजारच्या शेतातल्या विहिरीवरचं इंजिन सुरू झालं. काटा ताडकन उठला.

"रॉकेलचं इंजिन. त्यालाही ठिणगी लागते," साहेब म्हणाले. "पाणी देऊन होऊ द्या."

उन्हात यंत्र तापू नये म्हणून स्टँड मिटून सगळे बाभळीखाली गेले. तर इंजिन बंद. परत येऊन स्टँड उभा केला, तर इंजिन सुरू! पुन्हा उचलला, पुन्हा बंद. कुसुमला हसूच फुटलं.

"अण्णा, आपला स्टँड बघूनच ते इंजिन चालू होतंय!"

"गप गं. इथं माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुला हसू सुचतंय."

"तुम्ही बसा. मी विचारून येते."

गेल्या वर्षीपर्यंत हीच कुसुम पाहुणे आले की कपाटाआड दडायची. पण शाळेच्या गॅदरिंगला तिनं जेव्हा भाषण ठोकलं, तेव्हापासून तिला भीती कशी ती ठाऊक नव्हती. ओचा खोचला आणि बांधावरून धूम!

विहिरीशी एक म्हातारा हाताची घडी घालून उभा होता. तात्याबा त्याचं नाव. शेजारी त्याची बायको गवराबाई. पाटाचं पाणी चाललं होतं ते थेट नांगरलेल्या कोरड्या ढेकळांत. ना रोप, ना पीक.

"आजोबा, रॉकेल जाळून ढेकळं कशाला भिजवताय?"

"भिजवीन न्हाईतर पोहायला लावीन! तुला काय करायचंय?" तात्याबा गरजला. "जा, सांग तुझ्या सायबाला. म्हणावं तात्याबा जमीन कसतोय. डोळ्यांनी बघ, पानी चाललंय. मालक काय बी सांगंल, पडीक हाय म्हनून!"

कुसुमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कसेल त्याची जमीन, हा कायदा त्यांच्या मास्तरांनी वर्गात दोनदा समजावला होता. या आजोबांना वाटलं होतं, मालकानंच माणूस पाठवलाय, तिपाई रोवून जमीन मोजून घ्यायला!

"अहो आजोबा, ते जमीन मोजत नाहीत. पंखा मोजतायत!"

"पंखा? साध्या पंख्याला येवढी तिकटी लागती व्हय? कुनाला बनवतीस?"

"त्याची लांबी नाही, खरखर मोजायची. आणि तुमच्या इंजिनाची खरखर त्यात घुसतीय. माझ्या अण्णांनी नोकरी सोडून केलाय हो तो. चला ना बघायला."

"आन् मी तिकडं आलो की हिकडं तुमी मोजणीची साखळी वढाल."

"मग मी इथंच बसते," कुसुम विहिरीच्या काठावर बसलीसुद्धा. "तिकडं मोजणीची साखळी दिसली तर खुशाल मला आत ढकला."

गवराबाई पदराआड हसली आणि पुढं होऊन तिनंच इंजिन बंद केलं. "जावा वो. पोरीच्या बोलन्यात खोट न्हाई."

तात्याबा पुटपुटत बांध उतरला. काटा बघायची केवढी हौस, आणि कुसुम इकडं ओलीस! लांबून नुसती चित्रं दिसत होती. साहेब यंत्रावर वाकलेले. अण्णा पंख्यापाशी, पाठमोरे. तात्याबा स्टँडभोवती एक चक्कर मारून येतो, खाली वाकून बघतो, साखळी काही सापडत नाही. पंख्याची पाती फिरून चकचकली, आणि मग कुणीच हलेना. कुसुमनं गवराबाईचा हात कधी धरला तिचं तिलाच कळलं नाही.

"पास व्हतो गं तुजा बा," गवराबाई म्हणाली. तिला पंख्यातलं काही कळत नव्हतं, पण काय गोड वाटलं ते!

तेवढ्यात साहेबांनी हेडफोन काढला आणि तात्याबाच्या कानाला लावला. तात्याबा डोळे मिटून ऐकत राहिला आणि मग सगळ्या माळाला ऐकू जाईल असा ओरडला, "पोरी, कायबी ऐकू येत न्हाई गं!"

"येऊच नये म्हणून तर सगळा खटाटोप!" कुसुम उड्या मारतच धावली, मागोमाग गवराबाई. काटा हद्दीच्या लाल खुणेच्या चांगला खाली होता. साहेब हसत मान डोलवत होते. अण्णा वाकून तात्याबाच्या पायांशीच गेले.

"आरं आरं, हे काय! म्या काय केलं? मशीन तर हिनं बंद केली."

"तुम्ही विश्वास ठेवलात," अण्णा म्हणाले. "माझं घर तरलं आज."

कुसुमनं डबा उघडून सगळ्यांना भाकरी वाढली. अण्णांनी पंखा उचलून घामानं निथळणाऱ्या तात्याबासमोर ठेवला आणि बटण दाबलं. म्हाताऱ्याचं मुंडासं फडफडायला लागलं. तो घास हातात घेऊन तसाच सुखानं बसून राहिला.

"सरका की वाईच," गवराबाई त्याला कोपर मारत म्हणाली, "मला बी लागू द्या!"